वास कशाचा ते ओळखा, मगच ट्रेकचे सामान धुवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून ट्रेकला काय काय न्यावे याच्या याद्या येतात, आणि त्या उपयोगीही असतात. परत आल्यावर त्याच सामानाचे काय करायचे याबद्दल मात्र एखाददुसरी ओळ असते. ती साधारण अशी: सॅक मशीनला लावा, कडक उन्हात वाळवा, तरीही वास आला तर सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून शिंपडा. या तिन्ही गोष्टींनी सामानाचे नुकसान होते किंवा काहीच होत नाही. चांगली सॅक किंवा स्लीपिंग बॅग नीट सांभाळली तर अनेक वर्षे टिकते. चुकीच्या एका धुण्यात ती कायमची जाऊ शकते. म्हणून हे सविस्तर पत्र.

मुळात सामानाला येणारा वास एकाच प्रकारचा नसतो. घामट, कुबट, धुरकट, खवट, रॉकेलचा, आणि ओकारीसारखा आंबूस, हे सगळे वेगळ्या कारणांनी येतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि एकाला तर इलाजच नाही. तेव्हा बादली भरण्याआधी सामान नाकाशी धरून वास कुठून आणि कसला येतोय ते शोधावे. सॅकच्या पट्ट्यांतून येतो की आतल्या अस्तरातून? स्लीपिंग बॅगच्या गळ्याशी येतो की सगळीकडून? एवढ्यावरून अर्धे काम होते.

घामापासून सुरुवात करू. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. कातडीवर राहणारे जिवाणू, त्यांतही कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकोकस या गटांतले, काखेतल्या ग्रंथींच्या स्रावातली द्रव्ये तोडतात आणि त्यातून उग्र वासाची आम्ले आणि गंधकाची संयुगे तयार होतात. पायांचा वास येतो तो बराचसा आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. आता ट्रेकचे बहुतेक कपडे पॉलिस्टरचे असतात. पॉलिस्टर पाणी फारसे शोषत नाही म्हणून लवकर वाळते, पण तेलकटपणा मात्र घट्ट धरून ठेवते. साध्या धुण्यात घामाचे पाणी आणि मीठ निघून जाते, तेलाचा पातळ थर धाग्यावरच राहतो आणि वासाची संयुगे त्यात मुरून राहतात. धुतलेला टीशर्ट कपाटात वास देत नाही आणि अंगात घालून पंधरा मिनिटे चढ चढले की पुन्हा घमघमतो, त्याचे कारण हेच. मेरिनो लोकरीचे कपडे अनेक दिवस वापरूनही त्या मानाने कमी वास देतात.

पॉलिस्टरच्या अशा कपड्यावर नेहमीची चूक म्हणजे जास्त डिटर्जंट आणि वर सुवासिक फॅब्रिक सॉफ्टनर. सॉफ्टनर धाग्यावर मेणचट लेप चढवतो. त्याखाली आधीचा तेलकटपणा अडकून राहतो आणि कापडाची घाम पसरवून वाळवण्याची क्षमताही जाते. योग्य रीत अशी: कपडा उलटा करावा, कारण घाण आतल्या बाजूला असते. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात तो अर्धा तास भिजवावा. मग पिळून, एन्झाइम असलेल्या डिटर्जंटने कपड्यावरच्या लेबलवर लिहिलेल्या तापमानाला धुवावा आणि एकदा जास्तीचे खळबळून काढावा. तरीही वास राहिला तर सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, वापरावे. चार लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा पुरतो. पाणी 40 अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. गार पाण्यात त्याचे काम फार संथ होते. एक ते दोन तास भिजवून मग नेहमीसारखे धुवावे. हा उपाय लोकर, रेशीम, चामडे आणि पिसे भरलेल्या वस्तू यांवर करायचा नाही. एन्झाइमच्या डिटर्जंटचेही तसेच आहे. त्यात प्रोटिएज असते, ते प्रथिने तोडते. आणि लोकर, रेशीम, पिसे ही प्रथिनेच आहेत. घामाचा डाग काढता काढता ते मेरिनोचा धागाही कुरतडते.

सोडा आणि व्हिनेगर या जोडीबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण हा सल्ला सगळ्यात जास्त पसरलेला आहे. खाण्याचा सोडा सौम्य अल्कली, व्हिनेगर आम्ल. एकत्र केले की फेस येतो, पण तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. खाली उरते ते सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी, आणि दोघांचाही गुण संपलेला असतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळे आणि मध्ये स्वच्छ पाण्याने धुऊन. याहून गंभीर गोष्ट: क्लोरिनचे ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि कोणतेही आम्ल, कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

आता सॅक. सॅक वॉशिंग मशीनमध्ये घालू नये, जाळीच्या पिशवीत घालूनही नाही. बहुतेक सॅकच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, लेप असतो. मशीनच्या फिरण्याने तो चरे पडून सुटतो, शिवणीवरची पट्टी उचकटते, बंद एकमेकांत पिळले जातात आणि बकल फुटतात. वास बहुधा कापडातून येतही नाही. तो येतो खांद्याच्या पट्ट्या, कमरपट्टा आणि पाठीची जाळी यांच्या आतल्या फोममधून. घाम तिथे मुरतो, पाणी उडून जाते, मीठ राहते. मीठ हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे हवा दमट झाली की तो फोम पुन्हा ओलसर होतो आणि जिवाणूंना पुन्हा घर मिळते. पट्ट्यांवर पांढऱ्या रेघा दिसत असतील तर कितीही हवेशीर ठेवले तरी वास जाणार नाही. आधी मीठ विरघळवून बाहेर काढावे लागेल. मिठाचे कण कापडाला घासतातही, तो तोटा वेगळाच.

सॅक धुताना सगळे कप्पे, अगदी कमरपट्ट्याचे छोटे खिसेसुद्धा, रिकामे करून उलटे झटकावेत. फ्रेमचे अ‍ॅल्युमिनियमचे दांडे, पाठीची पत्री, सुटा होणारा कमरपट्टा आणि वरचे झाकण काढावे. दांडे कुठल्या बाजूने वाकवलेले होते याचा फोटो काढून ठेवावा, नाहीतर परत घालताना उलटे जातात आणि सॅक पाठीला टोचते. टबात किंवा मोठ्या घमेल्यात साधारण 15 ते 20 लिटर कोमट पाणी घ्यावे, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकेच, 30 अंशांच्या वर नको. त्यात दोन मोठे चमचे सौम्य, बिनवासाचा द्रव साबण. सॅक बुडवून फोमचे भाग तळहातांनी दाबावे आणि सोडावे. दहा मिनिटे हेच करावे. पाणी तपकिरी होईल ते मळाने, पण खारट पाणी दिसत नाही, म्हणून पाणी स्वच्छ दिसू लागल्यावरही दोनदा नव्या पाण्यात दाबून काढावे. जाळी आणि पट्ट्या मऊ ब्रशने घासाव्या. आतल्या लेपाला ब्रश लावू नये, स्पंजने पुसावे. झिपच्या दातांतली माती जुन्या टूथब्रशने काढावी. झिप बिघडतात त्या बहुतेक वेळा याच मातीने.

वाळवणे हा धुण्याइतकाच मोठा भाग आहे. सॅक उलटी टांगावी, सगळ्या झिप उघड्या, सावलीत, वारा खेळता हवा. कापड काही तासांत कोरडे होते, फोमला दोन दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. कमरपट्ट्यावर कोरडा टिश्यू पेपर ठेवून अंगठ्याने जोरात दाबावे. कागद ओलसर झाला तर अजून वेळ आहे. घाई करून अर्धवट ओली सॅक कपाटात ठेवली तर न धुतलेल्या सॅकपेक्षा वाईट वास येतो. कडक ऊन टाळायचे ते याचसाठी की अतिनील किरणांनी नायलॉनचा धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना लवकर कळत नाही.

काही महिने पडून राहिलेली सॅक किंवा तंबू उघडल्यावर ओकारीसारखा आंबूस वास आला, आतला भाग हाताला चिकट लागला किंवा पापुद्रे सुटू लागले, तर तो घामाचाही नाही आणि बुरशीचाही नाही. पीयूच्या लेपाचे जलअपघटन झालेले असते. ओलावा आणि उष्णता यांनी लेपातले रासायनिक बंध तुटतात आणि उग्र वासाची आम्ले सुटतात. याला कोणताही साबण, एन्झाइम किंवा ऊन चालत नाही, कारण लेप स्वतःच कुजत असतो. पुन्हापुन्हा धुऊन वास थोडा दबतो आणि परत येतो. सॅक असेल तर तो लेप रबिंग अल्कोहोल (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने खरवडून पूर्ण काढून टाकता येतो. त्यानंतर सॅक पाणी अडवणार नाही, पण आत जाड जलरोधक पिशवी घालून वापरता येते. तंबूच्या वरच्या छताचा लेप गेला असेल तर मात्र त्या तंबूच्या भरवशावर पावसात जाऊ नये. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला हा रोग होत नाही. काही कापडांना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयू असा दुहेरी लेप असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे आतल्या शिवणींवर कारखान्यात चिकटवलेली चकचकीत पट्टी. ती असेल तर ती बाजू बहुधा पीयूची, कारण सिलिकॉनला अशी पट्टी धरत नाही.

कुबट वास म्हणजे बुरशी. तंबू ओला गुंडाळून ठेवला तर एक-दोन दिवसांत तिची सुरुवात होते. म्हणून घरी पोचल्यावर कितीही थकवा असला तरी तंबू पिशवीतून बाहेर काढून दोरीवर, दारावर, खुर्चीवर, कुठेही पसरलाच पाहिजे. एकदा काळे ठिपके लेपात शिरले की ते जात नाहीत. वास घालवता येतो आणि वाढ थांबवता येते, एवढेच. तंबू मोकळ्या जागी आणून, नाकातोंडावर मास्क लावून कोरडी बुरशी मऊ ब्रशने झाडावी, घरात नाही. मग तंबू उभा करून स्पंज, गार ते कोमट पाणी आणि सौम्य साबणाने आतून-बाहेरून पुसावा. भांडी घासण्याचा द्रव किंवा कपड्यांचे डिटर्जंट इथे नको. त्याचा अंश कापडावर राहतो आणि पावसाचे पाणी ओघळून जाण्याऐवजी पसरते. क्लोरिनचे ब्लीचही नको, त्याने नायलॉन आणि लेप दोन्ही खराब होतात.

त्यानंतर एन्झाइमचा गंधनाशक. बाहेर वापरायच्या सामानासाठी मिळणाऱ्या या द्रवांतली एन्झाइमे किंवा जिवाणू वासाचे मूळच खाऊन टाकतात. अत्तराच्या फवाऱ्यासारखा वास झाकत नाहीत. पण लोक ते वापरताना दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे वरवर शिंपडतात. वास जिथपर्यंत मुरला आहे तिथपर्यंत द्रव पोचायला हवा, त्यामुळे लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून वस्तू पूर्ण भिजवावी लागते. दुसरे म्हणजे लगेच धुऊन टाकतात किंवा पटकन वाळवतात. एन्झाइम ओलसर असेपर्यंतच काम करते. म्हणून लेबलवर वेगळे लिहिले नसेल तर ते न धुता सावलीत हळूहळू वाळू द्यावे. आधीच्या साबणाचा अंश राहू देऊ नये, गरम पाणी वापरू नये, ब्लीच तर मुळीच नाही. पिसे आणि लोकर यांवर चालते असे लेबलवर स्पष्ट असेल तरच त्यांवर वापरावे. जनावराने मुतलेल्या सामानालाही हाच उपाय लागू पडतो.

स्लीपिंग बॅगला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि पिसांच्या बॅगेबाबत ती भीती अनाठायी नाही. तरीही न धुणे हा उपाय नव्हे. अंगाचे तेल पिसांपर्यंत पोचले की ती एकमेकांना चिकटतात, फुगत नाहीत आणि ऊब कमी होते. आधी पाहावे की वास फक्त गळ्याशी आणि टोपीपाशी आहे का. तसे असेल तर आतली पिसे बोटांनी बाजूला सारून नुसते कापड चिमटीत उचलावे आणि सौम्य साबण व टूथब्रशने तेवढेच धुवावे. सगळी बॅग धुण्याची गरज क्वचित पडते. आत घालायचे सुती किंवा रेशमी अस्तर वापरले तर आणखी क्वचित.

पूर्ण धुवायची झाली तर समोरून दार असलेले मोठे मशीन घ्यावे, ज्यात मधोमध फिरणारा दांडा नसतो. तो दांडा आतले कप्पे फाडतो. पिसांसाठीचाच साबण, सौम्य चक्र, कोमट पाणी, आणि दोन-तीन वेळा जास्तीचे खळबळणे. साबण राहिला तर पिसे गोळा होऊन बसतात. टबात धुतली तरी चालते, फक्त बाहेर काढताना कधीही एका टोकाला धरून उचलू नये. ओल्या पिसांचे वजन एवढे असते की आतले पातळ कापडी पडदे त्या ओझ्याने फाटतात आणि मग सगळी पिसे एका कोपऱ्यात जातात. पाणी दाबून काढावे, पिळू नये, आणि दोन्ही हात खाली घालून लहान मुलासारखी उचलावी. ड्रायर अगदी मंद उष्णतेवर, सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू. ते पिसांचे गोळे फोडतात. तीन ते पाच तास लागू शकतात, अधूनमधून बाहेर काढून गोळे बोटांनी फोडावे. बाहेरून कोरडी वाटली तरी हाताला एकही गाठ लागत असेल तर आत ओल आहे. ओल्या पिसांचा एक विशिष्ट ओशट वास येतो. पूर्ण वाळल्यावर तो जातो. धुतल्यानंतर वास वाढला म्हणून पुन्हा धुवायला घेऊ नये, आधी पुन्हा वाळवावी. ड्राय क्लीनिंग टाळावे, कारण तिथले द्रावक पिसांवरचे नैसर्गिक तेल काढून टाकतात. कृत्रिम धाग्यांची बॅग याहून सोपी. तिला उष्णता कमी द्यावी एवढेच.

बुटांत आतले तळ आणि नाड्या आधी काढाव्या, त्या वेगळ्या धुवाव्या आणि वेगळ्या वाळवाव्या. बुटात वर्तमानपत्राचे चुरगाळलेले कागद भरावे आणि पहिल्या दिवशी दर दोन तासांनी बदलावे. एकदा भरून विसरले तर तोच ओला कागद बुटाला कुबट करतो. शेकोटीशी किंवा हीटरपाशी बूट ठेवू नये, तळ चिकटवलेला डिंक सैल पडतो आणि चामडे तडकते. कापडी बुटात रात्रभर दोन चमचे खाण्याचा सोडा पसरून सकाळी झटकला तर आम्लांचा वास खरोखर कमी होतो. चामड्याच्या बुटात सोडा नको. चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते, अल्कलीने ते कोरडे आणि ठिसूळ होते. बूट फ्रीझरमध्ये ठेवला की जिवाणू मरतात हा समज चुकीचा आहे. थंडीत बरेचसे नुसते सुस्त होतात आणि पाय घातल्यावर पुन्हा कामाला लागतात. आतले तळ जुने झाले असतील तर सरळ नवे घालावे, त्याहून स्वस्त इलाज नाही.

पाण्याची पिशवी आणि नळी यांचा प्रश्न वासाहून मोठा आहे, तो पोटात जातो. प्लास्टिकचा वास घालवायला एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा घालून अर्धा तास ते रात्रभर ठेवावे. साखरेची सरबते भरली असतील तर नळीच्या आत बुळबुळीत थर धरतो. तो भिजवून जात नाही, लांब ब्रश आत घालून घासावाच लागतो. चावून पाणी ओढायची टोपी सुटी करून उलटी फिरवावी, काळी बुरशी तिथे आधी दिसते. निर्जंतुक करायचे तर साधे बिनवासाचे घरगुती ब्लीच, साधारण पाच टक्क्यांचे, एका लिटरला चार मिलिलिटर. नळीतही ते पाणी खेळवावे, दहा मिनिटे ठेवावे आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. उकळते पाणी भरू नये. वाळवताना आतल्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आत काहीतरी आडवे अडकवावे. हे जमत नसेल तर पिशवी रिकामी करून फ्रीझरमध्ये ठेवावी. तिथे बुरशी मरत नाही, पण वाढतही नाही, आणि इथे तेवढेच हवे असते.

हवा भरायच्या मॅटबद्दल एकच गोष्ट: तोंडाने फुंकू नका. श्वासातला ओलावा आत साठतो, आतून बुरशी धरते आणि तिथे कोणताही ब्रश पोचत नाही. पंपाची पिशवी वापरावी. बाहेरून पुसताना झडप बंद आणि घरी ठेवताना झडप उघडी, मॅट पसरलेली.

पावसाळी जॅकेट न धुता वापरणे हेच त्याच्या जलरोधकतेला मारक आहे. अंगाचे तेल आणि मळ आतल्या पडद्यावर बसला की घामाची वाफ बाहेर जात नाही आणि लोकांना वाटते जॅकेट गळते. लेबलवर परवानगी असेल तसे, जलरोधक कपड्यांसाठी मिळणाऱ्या खास साबणाने धुवावे आणि मंद उष्णतेच्या ड्रायरमध्ये वाळवावे. उष्णतेने बाहेरचा पाणी झटकणारा लेप पुन्हा जागा होतो. सॉफ्टनर इथे सगळ्यात घातक.

धुराचा वास नुसत्या हवेने जात नाही, कारण धुरातले डांबरी कण धाग्यावर चिकटलेले असतात. दोन दिवस हवेशीर ठेवून मग वर सांगितल्याप्रमाणे धुवावे. पेल्याचा किंवा डब्याचा खवट वास तेलाचा असतो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात सोड्याचे पाणी ठेवू नये, ते काळे पडते.

इंधन सांडले असेल तर मात्र थांबा. पेट्रोल, रॉकेल किंवा स्टोव्हचे स्पिरिट सांडलेले कपडे, स्लीपिंग बॅग किंवा सॅक मशीनमध्ये किंवा ड्रायरमध्ये घालू नये. वाफ साठून आग लागू शकते. ती वस्तू ज्योतीपासून आणि विजेच्या उपकरणांपासून दूर, घराबाहेर सावलीत टांगावी. हलके इंधन काही दिवसांत उडून जाते, रॉकेलला जास्त वेळ लागतो आणि त्याचा तेलकट अंश मागे राहतो. तो अंश त्या जागेपुरता भांड्यांच्या साबणाने हाताने दोन-तीनदा काढावा. ड्रायरमध्ये घालण्याआधी वास अजिबात उरलेला नसावा.

आणि दोर, हार्नेस, स्लिंग ही चढाईची साधने वरच्या कोणत्याही उपायात घालू नयेत. ना व्हिनेगर, ना ब्लीच, ना गंधनाशक. नायलॉनला आम्ल आणि ऑक्सिडीकारक द्रव्ये घातक असतात, आणि दोर वरून धडधाकट दिसत असतानाही आतून कमजोर झालेला असू शकतो. बॅटरीच्या आम्लाची नुसती वाफ लागली अशी शंका असली तरी तो दोर बाद करावा. यांना फक्त साधे पाणी, 30 अंशांपर्यंत, आणि निर्मात्याने सुचवला असेल तोच साबण. वास येत राहिला तरी चालेल.

ठेवण्याची जागा कोरडी, थंड, अंधारी. गाडीची डिकी नको, माळ्यावरचे तापणारे खोके नको. स्लीपिंग बॅग दाबून भरायच्या छोट्या पिशवीत नाही, मोठ्या सुती पोत्यात सैल. तंबूही घड्या न बसवता सैल. सिलिका जेलच्या पुड्या मदत करतात, पण ओले सामान त्या वाळवू शकत नाहीत.

शेवटी आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन मागण्या. सॅक आणि तंबू बनवणाऱ्यांनी शिवलेल्या लेबलवर 'हाताने धुवा' एवढेच न लिहिता कापडाचा धागा कोणता, आतला लेप पीयूचा की सिलिकॉनचा, फोम सुटा होतो की नाही आणि पाणी किती अंशांपर्यंत चालेल, हे चार तपशील छापावेत. लेप कोणता हे कळल्याशिवाय ग्राहकाला साबण निवडता येत नाही, आणि वास कशाचा तेही ठरवता येत नाही. दुसरी मागणी सामान भाड्याने देणाऱ्यांकडे. स्लीपिंग बॅग परत आल्यावर अत्तर मारून पुढच्याला देण्याची पद्धत बंद करावी, प्रत्येक बॅगेसोबत धुता येणारे अस्तर सक्तीने द्यावे, आणि बॅग शेवटची कधी धुतली त्याची तारीख तिच्याच पिशवीवर लिहावी. भाड्याने घेणाऱ्यांनीही पैसे देण्याआधी बॅग उघडून गळ्यापाशी वास घ्यावा आणि पिसांच्या गाठी चाचपून पाहाव्यात. गाठी लागल्या तर दुसरी मागावी.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ट्रेकच्या सामानाची निगा राखणारे काही वाचक